राखेतली अंडी

मित्रांनो, मी एक जुना पाटा आहे. मुरुडच्या या शाळेच्या मागच्या पडवीच्या काठावर तुम्ही रोज माझ्यावर बसून भाकरी खाता आणि पाय हलवत माझ्या कडेवर टाचा आपटता. त्याबद्दल माझी तक्रार नाही. तळ्याजवळच्या डोंगरातून मला काढले, तेव्हा पाथरवटाने याहून जोरात मारले होते. दगडाला राग येत नाही, असे मात्र कुणी सांगितले तर विश्वास ठेवू नका. मला एकदा राग आला. पाच वर्षे झाली, तो अजून उतरलेला नाही.

ही गोष्ट सन एकोणीसशे चौतीसच्या नाताळातली. आगरदांड्याच्या बंदरावर, खाडीपलीकडच्या दिघीकडे तोंड करून, एका बोटकंपनीच्या गोऱ्या साहेबाचा बंगला होता. बंगल्याच्या आवारात कडेला नोकरांच्या खोल्या होत्या. त्यांतल्या शेवटच्या खोलीच्या उंबऱ्याशी मी होतो, कारण तिथे महेरुन्निसा राहत होती. ती बंगल्यातली स्वयंपाकीण. तिची मुलगी जहुरा, म्हणजे तुमच्या बाई, तेव्हाही इथेच शिकवत होती आणि सुट्टीत आईकडे येत होती. मडमबाईने रद्दीत टाकलेली इंग्रजी पुस्तके वाचून वाचूनच ती इंग्रजी शिकली होती.

नाताळाला तीन दिवस होते. महेरुन्निसा माझ्यावर मोहरी वाटत होती. नाताळच्या मेजवानीत आधी एक थंड पदार्थ मांडत. उकडलेली अंडी उभी कापायची, बलक काढून घ्यायचा, तो मोहरी, लाल मिरची, लोणी आणि कोकमाच्या खारट आगळात वाटायचा आणि पुन्हा पांढऱ्यात भरायचा. मडमबाईच्या भाषेत त्या पदार्थाच्या नावात सैतान होता. जहुराने तो अर्थ सांगितला, तेव्हा महेरुन्निसाने कानाला हात लावले होते.

"तोबा! सणाच्या दिवशी सैतानाची अंडी? मी न्हाय म्हणणार असलं काय. आपल्या होड्या त्या."

आणि खरोखरच त्या होड्या दिसत. प्रत्येकीत ती लाल मिरचीचा एक तिकोनी तुकडा उभा करी. ते शीड.

त्या संध्याकाळी ती खोकत होती. अंगात ताप होता. तिचा तळवा माझ्यावर टेकला की मला तो कळत होता. तरी दातात दोऱ्याचे एक टोक धरून, दुसरे हातात ताणून, तळहातावरचे अंडे कसे कापायचे ते ती जहुराला दाखवत होती.

"सुरी लावलीस तर बलक सुरीला चिकटतो. दोरा कसा, आला नि गेला, अंड्याला कळत पन न्हाय."

"अम्मा, तुझ्या दातांचा दोरा होईल एक दिवस."

"दात हायत तवर तुला हसायला काय जातंय!"

तेवढ्यात नजमुद्दीन बटलर आला. डोक्याला पांढरा फेटा, कमरेला पट्टा. त्याच्या हातात त्याचा पत्र्याचा डबा होता. बंगल्यावर येऊन गेलेल्या पाहुण्यांनी त्याच्या तारीफेच्या चिठ्ठ्या दिल्या होत्या, त्या तो त्या डब्यात जपून ठेवी. त्याला वाचता येत नव्हते.

"जहुरा, बाय माझे, ही गेल्या साली कप्तानसाहेबानं दिलेली. यंदा नवे पाव्हणे येतायत. वाच बघू, वरती ठेवण्यासारखी हाय काय?"

जहुराने चिठ्ठी उलगडली. आधी मनात वाचली. मग पुन्हा पहिल्या ओळीपासून वाचली.

"वाच की गो. अक्षर लागत न्हाय काय?"

तिने वाचले. 'अशी अंडी मी मुंबईच्या कुठल्याही मेजावर खाल्लेली नाहीत. ती करणाऱ्या नजमुद्दीनच्या हाताला माझा सलाम.'

माझ्यावरचा वरवंटा थांबला. जहुराने आईकडे पाहिले. तिच्या ओठांवर काय आले होते, ते मला दिसले. महेरुन्निसाने मान नुसती डावीकडून उजवीकडे हलवली आणि वरवंटा पुन्हा ओढला. जहुराने चिठ्ठीची घडी घातली.

"वरतीच ठेवा, नजमूचाचा," ती म्हणाली.

"नजमूभाय," महेरुन्निसा खाली बघत म्हणाली, "अंगात कणकण हाय. उद्याचा एक दिवस पडून राहू काय?"

नजमुद्दीन हसला. "नाताळ होऊ दे, महेरुन्निसाबाय. मग खुशाल मर."

तीही हसली. मित्रांनो, ती हसली, म्हणून मला वाटले ही थट्टाच आहे. तो त्या घरातला शेवटचा साधा दिवस होता.

नाताळच्या दिवशी तिने तीस अंड्यांच्या साठ होड्या केल्या. तबक नजमुद्दीनने उचलले. ती पाणी घालून मला धुवायला वाकली आणि माझ्यावरच कपाळ टेकून राहिली. दुसऱ्या दिवशी पहाटे ती गेली. जनाजा बंगल्याच्या मागच्या वाटेने नेला, कारण पुढच्या दारी पाहुण्यांचे सामान उतरत होते. नजमुद्दीन आला नाही. त्याला पाहुणे होते.

तिसऱ्या दिवशी जियारतीची दुआ झाली, बायका घरी गेल्या आणि मग तो आला. मला वाटले, दुखवट्याला आला असेल. तो माझ्याकडे बोट दाखवून म्हणाला, "पाटा न्यायला आलोय."

जहुरा चटईवर बसली होती.

"पयल्या तारखेला दुपारचं जेवान हाय. मडमबाईला तीच अंडी पायजेत. पाव्हण्यांना बोलून बसलीय. खरी चव या दगडात हाय, ते मी कवाच ओळखलंय. पन काय-काय वाटायचं, किती, ते तेवढं सांग. तुझी अम्मा भली बाय होती. न्हाय म्हणाली नसती."

मित्रांनो, तुम्ही असता तर काय केले असते? जहुराने सगळे सांगितले. मोहरी थंड पाण्यातच वाटायची, नाहीतर कडवट होते. आगळ किती, लोणी किती, मिरचीच्या बिया काढायच्या. दोऱ्याचेही सांगितले. एकही खोटे नाही. नजमुद्दीन ओठ हलवत पाठ करत होता.

"आणि अंडी..." जहुरा म्हणाली.

"अंड्यांचं नको सांगू!" तो छाती काढून म्हणाला. "मडमबाईच्या खुराड्यातली, त्याच पहाटेची, हाताला गरम लागणारी. शिळं अंडं या नजमुद्दीनच्या हातून साहेबाच्या मेजावर गेलं न्हाय, जायचं न्हाय."

आता तुम्हाला एक गोष्ट सांगायला हवी. ताज्या अंड्याचे कवच उकडल्यावर सुटत नाही. पांढऱ्याला धरून बसते आणि सोलताना त्याचे लचके घेऊन येते. आठवडाभर सबूर केलेले अंडे मात्र सापासारखी कात टाकते. महेरुन्निसाला हे माहीत होते. म्हणून मोठ्या जेवणाआधी ती बंगल्याची ताजी अंडी घरी आणून खाटेखालच्या टोपलीत, चुलीच्या चाळलेल्या राखेत पुरून ठेवी आणि आठ-दहा दिवसांपूर्वीची बाहेर काढी. पाण्यात सोडून बघे. "आडवं पडलं ते ताजं, उभं राह्यलं ते आपलं, तरंगलं ते कुत्र्याचं." बटलरला हे सांगितले असते, तर त्याने टोपली खाडीत फेकली असती. म्हणून अकरा वर्षे तिने ते सांगितले नाही.

ती टोपली त्या क्षणीही जहुराच्या पाठीमागे, खाटेखाली होती. आईने पुढच्या जेवणासाठी पुरलेली अंडी तिच्यात तशीच होती.

जहुराचे तोंड उघडे होते. तिने ते मिटले. मग हळूच म्हणाली, "व्हय चाचा. जितकी ताजी, तितकी चांगली."

मी दगड आहे, पण त्या वेळी मला नाचावेसे वाटले.

त्याने मला खांद्यावर टाकून बंगल्याच्या मुदपाकखान्यात नेले. पहिल्या तारखेला माझ्यावर मसाला वाटला, तो चांगला झाला. मग त्याने पहिले अंडे सोलायला घेतले. कवचाबरोबर पांढरे आले. दुसरे घेतले, तिसरे घेतले. तो आधी अंड्यांना शिव्या देऊ लागला, मग कोंबड्यांना, मग कोंबड्यांच्या आयांना. चाळीस अंडी त्याने अशी करून ठेवली की उंदरांनी कुरतडली आहेत असे वाटावे. बाहेर मोटारलाँच लागल्याची शिटी झाली. त्याच्या कपाळावरून घाम माझ्यावर टपकला. तिच्या कपाळाची जागा होती, तिथेच टपकला. मी मनात म्हणालो, अजून टपकू दे.

फेटा तिथेच टाकून तो धावला. जहुराला घेऊन आला, तेव्हा त्याचे हात जोडलेले होते.

"बाय माझे, माझी नोकरी जाते. तुझ्या अम्माची आन हाय तुला."

"तिची आन तुम्ही घालू नका," जहुरा म्हणाली.

मी म्हणत होतो, परत जा, बुडू दे याला. पण तिच्या कडेवर टोपली होती. तिने राख झटकून एकेक अंडे पाण्यात सोडले. पंधरा दिवस झाले होते, त्यामुळे चार-पाच तरंगली. उरलेली उभी राहिली. ती तिने उकडली आणि सोलली. कवचे सळसळत निघाली. दातात दोरा धरून तिने ती कापली. डोळे कोरडे होते. शेवटी तिने शिडे उभी केली.

नजमुद्दीनने तबकाला हात घातला.

"नाही," ती म्हणाली. "तबक मी नेणार."

"तू? मेजाशी? मडमबाई काय म्हणेल?"

"मग ती कुरतडलेली न्या."

त्याने हात मागे घेतला.

मित्रांनो, तुमच्याकडे एकच मागणे आहे. मला धुवा किंवा धुऊ नका. मी दगड आहे, पावसाने धुतला जाईन. पण चांगले काही खाल्लेत, तर ते कुणाच्या हातचे आहे ते विचारा. तबक आणून ठेवणाऱ्याला नका विचारू. मागच्या दारी जाऊन विचारा. आणि तुम्हाला उत्तर माहीत असेल, तर गप्प बसू नका. गप्प बसलेले माणूस पुढे फार दिवस दात आवळून झोपते. तुमच्या बाईंना मी तसे झोपलेले पाहिले आहे. नजमुद्दीनचे पुढे काय झाले, ते मला ठाऊक नाही. जाणून घ्यायची इच्छाही नाही. बंगला सोडताना जहुराने दोनच वस्तू घेतल्या, मी आणि ती टोपली.

आता शेवटचे, त्या दुपारचे. दिवाणखान्याचे दार मिटू नये म्हणून तिने तिथे माझा वरवंटा टेकवला, म्हणून मला सगळे ऐकू आले. तबक फिरले. कुणीतरी पाहुणा तोंडात घास असताना मोठ्याने काही बोलला. त्यात नजमुद्दीनचे नाव होते. सगळे हसले आणि टाळ्या वाजल्या. पटकन उघड्या डोक्यावर हात नेत नजमुद्दीन वाकला.

जहुरा आधी त्यांच्या भाषेत बोलली. ते मला कळले नाही, पण काटे-चमचे थांबलेले कळले. मग ती नजमुद्दीनकडे वळली आणि तेच आपल्या बोलीत, सावकाश, प्रत्येक शब्द दोऱ्याने कापावा तसा म्हणाली :

"ही अंडी ताजी न्हायत. पंधरा दिवसांची हायत. अकरा वर्षं तुमी सगळे शिळीच खाताय नि बोटं चाटताय. त्या दिशी चिठ्ठी वाचताना मी गप्प बसले, अम्मा गेली तवापन गप्प बसले. तिनं एक दिवस मागितला होता, चाचा. एकच. ही अंडी तिनं मरायच्या आधी राखेत पुरली. ही तिची हायत. तिचं नाव महेरुन्निसा. ती माझी आई."