दवबिंदूला सुकट

झाडाला कोणी मायेने काही घालायला आलं की माझ्या अंगाचा तिळपापड होतो. चहाचा चोथा, तांदळाचं धुवण, शेणखत. दिंडोशीच्या आमच्या वसाहतीत प्रत्येक जण जाता-येता दुसऱ्याच्या कुंडीत काहीतरी ओतायला टपलेला. तुळशीला चालेल ते, दवबिंदूला, म्हणजे माझ्या किडे खाणाऱ्या रोपाला, नाही. चांगल्या मातीत तो मरतो, नळाच्या पाण्यानेसुद्धा मरतो. नापीक जागी उगवायचं आणि पानांवरच्या चिकट थेंबांत मुंगी, चिलट अडकवून पोट भरायचं, हे त्याचं जगणं. मी शाळेत आठवीला विज्ञान शिकवते, समजावून सांगणं हा माझा धंदाच आहे. घरात मात्र पालथ्या घड्यावर पाणी.

बी आणलं होतं लवूच्या, म्हणजे माझ्या नवऱ्याच्या, गावच्या सड्यावरून. सडा म्हणजे गावाच्या डोक्यावरचं कातळाचं माळरान. चौऱ्याऐंशीच्या दिवाळीनंतर मी तिथून वाळलेली बोंडं पाकिटात भरून आणली. बी कसलं, काजळीच ती. नुसता श्वास सोडला तरी उडायची. पहिल्या पावसाळ्यात बागेची माती वापरली, तर गवत उगवलं. दुसऱ्या वर्षी आठ रोपं आली आणि नळाच्या पाण्याने आठवड्यात गेली. तिसऱ्या वर्षी, म्हणजे सत्याऐंशीत, मी शहाणी झाले. चिऱ्याचा, म्हणजे जांभ्या दगडाचा, चुरा आणि वाळू सात पाण्यांनी धुतली, पावसाचं पाणी सरबताच्या बाटल्यांत भरून ठेवलं आणि उरलेलं सगळं बी पेरलं. एकोणीस रोपं आली. गॅलरीत भिंग घेऊन मी ती रोज मोजत होते.

रोपं वाढत होती तेव्हाच लवूने सांगितलं की त्याने आणि त्याच्या चुलतभावांनी सडा चिऱ्याच्या खाणीला दिला. सह्या होऊन चार महिने झाले होते. यंत्रं लागलीसुद्धा होती. मी आठ दिवस त्याच्याशी बोलले नाही. नवव्या दिवशी तो म्हणाला, "आयेला सांगू नकोस हां. बीपी वाढेल तिचं."

आये म्हणजे माझ्या सासूबाई, रुक्मिणी. सत्तरीच्या. त्यांचा सगळा जन्म त्या सड्यावर गुरं राखण्यात गेला होता. डॉक्टरांनी त्यांचं मीठ बंद केलं होतं, आणि आयेंचा जीव सगळा सुकटीत. त्या सुक्या कोलंबीत कीड लागू नये म्हणून त्या वर मूठभर मीठ घालून ठेवत. डबा मीच काढून घेतला. वर म्हटलं, "बीपी उतरलं की मे महिन्यात गावाला नेते, सड्यावर." सडा उरलेला नाही हे मला ठाऊक होतं. तरी म्हटलं, आणि त्यावर आयेंनी सुकट न खाण्याचा शब्द दिला. आता सड्याचं जे काही शिल्लक होतं ते माझ्या एका कुंडीत होतं. बोंडं भरत आली होती. महिनाअखेर बी पिकलं असतं, तर ते मी दुसऱ्या एखाद्या कातळावर नेऊन टाकणार होते. एवढ्या एका गोष्टीवर मी तेव्हा जगत होते म्हटलं तरी चालेल.

दिवाळीच्या सुट्टीत बहिणीचं बाळंतपण निघालं म्हणून चार दिवस चेंबूरला गेले. जाताना आयेंना बजावलं, "कुंडीखालच्या बशीत बाटलीतलं पावसाचं पाणी घालायचं. दुसरं काही म्हणजे काही करायचं नाही."

परत आले, पिशवी खाली ठेवली आणि गॅलरीत गेले. एकोणीसच्या एकोणीस रोपं काळी पडून आडवी झाली होती. बोंडं हिरवी असतानाच मऊ पडून कुजली होती. पानापानावर सुकट चिकटलेली. घमघमाट सुटला होता.

मी किंचाळले. शेजारची पद्मजा दार उघडून बघायला लागली, तिला म्हटलं, आत जा. आये स्वयंपाकघरातून आल्या, हात पुसत.

"कित्याक बोंबलतंस गो? मीच घातलंय."

"काय घातलंत? का घातलंत?"

"मांस खाणारा झाड म्हणतंस ना? मग मुंग्येवर किती दिस काढतला ता? माका बघवना नाय. भिजवन चिमूट चिमूट घातलंय, पाणी पण ताच घातलंय."

म्हणजे मिठाचं पाणी. माझ्या डोक्यात तिडीक गेली. "आणि सुकट आली कुठून? डबा तर मी घेतला होता! लपवून ठेवलीत? मला शब्द दिलात आणि चोरून खाताय?"

"खाल्लंय नाय," आये म्हणाल्या. "एक मूठ ठेवलेली तांदळात. रोज वास तेवढो घेतंय. तुका शब्द दिल्लय ना. मी खाऊचा नाय, तर म्हटला तुझ्या झाडान तरी खावचा."

इथे मी थांबायला हवं होतं. एखादी शहाणी बाई थांबली असती. पण तीन पावसाळे माझ्या डोळ्यांसमोर होते, आणि आये मला समजावत होत्या, "रडतंस कित्याक? मे महिन्यात जातलोच मा? सड्यार पायलीक पन्नास गावतली. गुरांच्या पायाखाली असत ती."

"सडा नाही आता!" मी ओरडले. "तुझ्या लेकाने विकला! खाण झाली तिथे, खाण! यंत्रं लागलीत. कसली गुरं आणि कसला मे महिना!"

लग्नाला बारा वर्षं झाली, त्यांना पहिल्यांदाच अगं-तुगं केलं मी.

आये गॅलरीच्या गजाला धरून उभ्या राहिल्या. मला वाटलं, पडतात की काय. मी पुढे झाले तर त्यांनी माझा हात झिडकारला.

"तुका कधी कळला?"

"जुलैत."

"जुलैत," त्या म्हणाल्या. "मीठ कधी सोडूक लावलंस?"

तेही मला नेमकं आठवत होतं. ऑगस्टमध्ये. नारळी पौर्णिमेच्या दुसऱ्या दिवशी.

"मगे मी मीठ कित्याक सोडलंय गो?"

खोटं बोलायला मला लाज वाटली नव्हती, त्या प्रश्नाची वाटली. त्या वळून आत गेल्या. तांदळाच्या डब्यात कोपरापर्यंत हात घालून पुरचुंडी काढली, स्टोव्ह पेटवला, तवा ठेवला. सुकट तडतडायला लागली. डॉक्टर, गोळ्या, बीपीचा कागद, सगळं माझ्या ओठावर आलं, आणि मी ते गिळलं. कुठल्या तोंडाने बोलणार होते?

"कांदो चिर," आये तव्याकडे बघत म्हणाल्या.

मी कांदा चिरला, त्यांना लागतो तसा बारीक. लवू यायला अजून तासभर होता, आणि तोवर त्याच्यावरचा माझा राग जराही थंड होऊ नये असं मला वाटत होतं.