नचिकेतरावांची दुरुस्ती

लेकीच्या घरात पाऊल टाकलं आणि रॉकेलचा, कोंदट हवेचा वास नाकात शिरला. मला शिसारीच आली. फ्लॅट जपानमधल्या एदोगावा भागातला. भूकंपात अणुभट्टी फुटली, त्याला वर्ष होत आलं होतं, तरी किरणोत्सर्गाच्या धास्तीने चैत्रालीने तेव्हा खिडक्यांच्या आणि बाल्कनीच्या दाराच्या फटींवर लावलेली चिकटपट्टी तशीच होती. तिच्यावर काळी बुरशी धरली होती. माझी सहा वर्षांची नात, तिचं नाव पूर्वी, अशाच एका खिडकीखाली चित्रं काढत बसायची आणि डोकं दुखतं म्हणायची.

रॉकेलवरचा हीटर थोडा वेळ चालला की टींटीं करून बंद पडायचा. त्याच्या पडद्यावर जपानीत काहीतरी यायचं. चैत्रालीने सांगितलं, हवा बदला असं लिहिलंय. मी म्हटलं, मग उघडा की एक खिडकी. चैत्रालीने माझ्याकडे असं पाहिलं, जणू मी पोरीला विष पाजायला सांगितलं.

जावई नचिकेतराव तोयोसुला सॉफ्टवेअरमध्ये. त्यांना बायकोला दुखवायचं नव्हतं आणि थंडीही सोसायची नव्हती. त्यांनी हीटरची जाळी झाडली, टाकीतलं रॉकेल बदललं, पुन्हा पेटवला. पुन्हा बंद. नाचता येईना अंगण वाकडं, तसं त्यांनी हीटरलाच नावं ठेवली. त्याचा सेन्सर म्हणे उगाच घाबरतो.

रविवारी त्यांनी स्क्रू ड्रायव्हर घेतला आणि तो सेन्सरच निकामी करून टाकला. जावयाला सासूने शहाणपण शिकवू नये, ही आमच्याकडची रीत, म्हणून मी चैत्रालीपाशी कुरकुरले. ती म्हणाली, तो इंजिनीअर आहे, त्याला कळतं.

दुपारी जेवायला बसलो तोवर हीटर अखंड चालू होता. नचिकेतराव खुशीत दुसऱ्यांदा वरणभात वाढून घेत होते. पूर्वीने घास तोंडातच धरला आणि तिची मान कलली. झोप आली असेल, असं ते म्हणाले. मी तिला हलवलं. डोळे अर्धवट उघडे, पण ओळख नाही. तिला उचलायला उठले, तर माझेच पाय लटपटले आणि कळलं, बंद खोलीतली हवा हीटरने विषारी केली होती.

पट्टीसकट दार ओढून मी पोरीला बाल्कनीत नेलं. ती माझ्या साडीवर भडाभडा ओकली. त्याची मला काही किळस वाटली नाही. किळस वाटली ती मागे दारात खुळ्यासारख्या उभ्या असलेल्या माणसाची.

"पण आई, हीटर एकदाही बंद नाही पडला," ते म्हणाले.

हॉस्पिटलमध्ये पूर्वीच्या तोंडावर ऑक्सिजनचा मास्क लावला. नचिकेतराव डॉक्टरांना वाकून वाकून काहीतरी सांगत होते. काय सांगतात, ते मी चैत्रालीला विचारलं.

"हीटर खराब होता, म्हणतोय."

रीत गेली खड्ड्यात. मी त्यांच्यासमोरच म्हटलं, "डॉक्टरांना सांग, हीटर धड होता. हवा संपली की तो बंद पडायचा. यांनी त्याला बंद पडू दिलं नाही."

आपण घरी गेल्यावर बोलू, असं नचिकेतराव हळूच म्हणाले. चैत्रालीने पूर्वीच्या तोंडावरचा मास्क नीट केला. मग उठून डॉक्टरांसमोर गेली आणि जपानीत बोलू लागली. मला त्यातलं अक्षर कळलं नाही. आधी तिने नवऱ्याकडे हात केला, आणि मग तोच हात स्वतःच्या छातीवर ठेवला.