वगळलेले तीन

धाकट्या बहिणीने पिशवीतून कागद काढला, घडी मोडून टेबलावर पसरला आणि उडू नये म्हणून त्याच्यावर चष्म्याचं घर ठेवलं.

"हे जरा साध्या भाषेत सांग," ती म्हणाली. "तुझं आयुष्य असलंच वाचण्यात गेलंय. मला एवढंच कळलं की शंभरात अडतीस, आणि साठाच्या खालचे सगळे घरी."

प्राध्यापकांनी कागद हातात घेतला. निवृत्त होऊन नऊ वर्षं झाली तरी गल्लीत त्यांना सगळे प्राध्यापकच म्हणत, आणि दर वेळी आपण दुसऱ्या कुणाचा तरी कोट घालून फिरतोय असं त्यांना वाटे. मनुष्यबळ विकास हा त्यांचा विषय. कामावरची माणसं कशी शिकतात, का शिकत नाहीत, वर्गात शिकलेलं हातात उतरतं का, यावर त्यांनी तीस वर्षं व्याख्यानं दिली होती. दादाला कामावरच्या माणसांबद्दल सगळं माहीत आहे, फक्त कामावरचं माणूस एकही माहीत नाही, हा धाकटीचा जुना विनोद होता.

ती स्वतः औषधांच्या कारखान्यात तपासणीला होती, सव्वीस वर्षं. दिव्यासमोर बसायचं, इंजेक्शनची बाटली तिच्या मानेला धरायची, उलटी करायची, हलकेच फिरवायची. आधी काळ्या पाटीसमोर, मग पांढऱ्या. काळ्यावर धागा आणि काचेचा कण दिसतो, पांढऱ्यावर गंज आणि रबराचा चुरा. वीस मिनिटं झाली की डोळे मिटून बसायचं. आता हे काम कॅमेऱ्याचं यंत्र करणार होतं. यंत्रावर बसवायला बारा जणांना शिकवणार होते, बाकीच्यांना निरोप. शिकवायचं कुणाला, हे चोवीस प्रश्नांवर ठरलं होतं. प्रश्न, तिने दिलेली उत्तरं आणि बेरीज, सगळं या कागदावर होतं.

तिसऱ्या प्रश्नापर्यंत येईतो प्राध्यापकांचे कान तापले. चौथा प्रश्न त्यांनी वाचला नाही, तो त्यांना पाठच होता.

"काय रे? बोल की."

"ही प्रश्नावली माझी आहे," ते म्हणाले.

"तुझी म्हणजे?"

"मी केलेली. प्रबंधासाठी. तू तेव्हा अजून कामालाही लागली नव्हतीस."

धाकटी चक्क हसली. तिच्या खांद्यावरचं ओझंच उतरल्यासारखं दिसलं. "अरे, मग घरचंच काम. मी उगाच आठ दिवस झोप घालवली. जा आणि सांग त्यांना."

काय सांगायचं, हे तिने विचारलं नाही. ते तिच्या लेखी दादाचं काम होतं.

ती गेल्यावर प्राध्यापकांनी कपाटाच्या तळातून प्रबंध काढला. पान एकशे बारा. तळटीप त्यांना शोधावी लागली नाही. 'नमुन्यातील तीन अपवाद विश्लेषणातून वगळले आहेत.' एका ओळीची टीप, पण तिच्यावरून हात फिरवताना आजही बोट अडखळलं.

शिवणयंत्रांच्या एका कारखान्यात त्यांनी एकेचाळीस कामगारांकडून हे प्रश्न सोडवून घेतले होते. मुकादम शेजारीच उभा होता. त्याला बाहेर जायला सांगण्याचं धैर्य त्यांना झालं नव्हतं. मग नवीन यंत्रं आली आणि सहा महिन्यांनी कोण किती शिकलं ते मोजलं. ज्यांना जास्त गुण ते बहुतेक बरे शिकले होते. फक्त तीन जण आडवे आले. सर्वांत कमी गुण त्या तिघांना, आणि सर्वांत चांगलं शिकले तेही तेच. एकाचं एक बोट अर्धं होतं. एक बाई काम करताना स्वतःशी पुटपुटत असे. तिसरा प्रत्येक प्रश्नाला 'कशावर अवलंबून आहे ते बघावं लागेल' म्हणत मुकादमाकडे न बघता उत्तरं लिहीत होता. त्या तिघांना धरून आकडेमोड केली की सगळा संबंध विरघळून जाई. मार्गदर्शक म्हणाले होते, "अहो, तीन माणसांसाठी सिद्धांत अडवून धरणार का?" प्राध्यापकांनी अडवून धरला नाही. मुकादमाला न घाबरता खरं लिहिणारे बहुधा तेवढे तिघेच होते, हे त्यांच्या ध्यानात यायला पुढे पाच वर्षं लागली. तोपर्यंत प्रश्नावली चार ठिकाणी वापरली गेली होती आणि त्यांना बढती मिळाली होती.

धाकटीच्या कारखान्यातली मनुष्यबळ अधिकारी पस्तिशीची, चटपटीत आणि मनापासून आदराने वागणारी होती. हेच अवघड झालं. कुणी खेकसलं असतं तर प्राध्यापकांना निदान रागावता आलं असतं.

"सर, तुम्ही स्वतः आलात. माझ्या प्रबंधाचं दुसरं प्रकरण म्हणजे तुम्हीच. तेवढं प्रशिक्षणाच्या उद्घाटनाला दोन शब्द बोलाल का?"

प्राध्यापकांनी घसा साफ केला आणि तिघांची गोष्ट सांगितली. मुकादमाची सांगितली. वाक्यं जुळत नव्हती, तरी सांगितली. तिने मध्ये एकदाही तोडलं नाही.

"पण सर, त्यानंतर चाळीसेक अभ्यास झालेत."

"ते सगळे माझ्याच आकड्यांवर उभे आहेत. कुणी पाया खणून बघितलेला नाही. खाली काय आहे ते मला माहीत आहे."

"म्हणजे प्रश्नावली चुकीची आहे?"

"तसं... तसं म्हणता येणार नाही. बरोबर आहे हे सिद्ध झालेलं नाही, एवढंच."

"चुकीची आहे असं लेखी द्याल? मग मला वर बोलता येईल. आत्ता माझ्या हातात काहीच नाही हो सर."

प्राध्यापकांसमोर तिने कोरा कागद ठेवला, पेनचं टोपण काढून दिलं. ते लिहू लागले. 'उपलब्ध पुराव्यावरून असे निश्चित म्हणता येत नाही की' इथवर आले आणि थांबले. पुढे काय लिहावं? तीन माणसांवरून त्यांनी एकदा खोटं बोलून घेतलं होतं. त्याच तीन माणसांवरून आता उलट दिशेने ठाम कसं बोलायचं? आयुष्यभर वाक्याच्या सुरुवातीला 'कदाचित' लावायची सवय, ती ऐन वेळी पेनाला धरून बसली. त्यांनी वाक्य पूर्ण केलं. तिने ते वाचलं आणि मान खाली घालून कागद फाइलला लावला. तो कुठेही पोचणार नाही, हे दोघांनाही कळलं.

"एक करता येईल," ती दाराशी म्हणाली. "तुमच्या शब्दाखातर बहिणीची परत एकदा चाचणी घेते. गुरुवारी. एकच संधी."

रविवारी दुपारी धाकटी जेवून आली. प्राध्यापकांनी टेबल पुसलं, चोवीस प्रश्न समोर ठेवले, आणि आजवर कुठल्याही विद्यार्थ्याला सांगितलं नव्हतं ते बहिणीला सांगायला बसले.

"सात नंबर. 'नवीन काम मी आनंदाने स्वीकारतो.' अगदी खरं, यावर खूण कर."

"आनंदाने कोण स्वीकारतं रे? तू स्वीकारायचास?"

"खूण कर."

"बरं बाबा. अगदी खरं. नाचतच येते मी." तिने खूण केली. "पुढे?"

सोळाव्यापर्यंत असंच चाललं. सतराव्यावर ती थांबली. 'नवीन यंत्रापाशी पहिल्यांदा उभं राहताना मला भीती वाटते.'

"इथे अजिबात नाही, म्हण," प्राध्यापक म्हणाले.

"पण वाटते ना."

"वाटू दे. लिहायचं नाही."

"दादा, भीती वाटते म्हणून तर मी बाटली दोनदा फिरवते. ज्या दिवशी वाटणार नाही त्या दिवशी काच कुणाच्या तरी रक्तात जाईल. हे त्या यंत्राला कोण सांगणार? मीच ना?"

प्राध्यापकांनी प्रश्नावरून बोट फिरवलं. या प्रश्नाला तिने 'अगदी खरं' लिहिलं तर शून्य, हे त्यांनीच ठरवलं होतं. का ठरवलं, ते आठवत नव्हतं. बहुधा घाबरणारा माणूस शिकत नाही असं कुठेतरी वाचलं होतं.

"धाकटे, फक्त गुरुवारपुरतं," ते म्हणाले.

"तू असा हात जोडल्यासारखा बोलू नकोस, मला कसंतरी होतं. करते मी. नाही, अजिबात नाही, भीती कशी ती ठाऊकच नाही. झालं?"

सगळे चोवीस प्रश्न त्यांनी तिच्याकडून तीनदा घोकून घेतले. जाताना ती दारात म्हणाली, "लहानपणी माझे पाढे घ्यायचास तेव्हाही असाच घामाघूम व्हायचास. मी नाही, तू."

गुरुवारी संध्याकाळी ती आली तेव्हा काय झालं ते न सांगताच कळलं. चपला तिने नेहमीसारख्या उडवल्या नाहीत, एकीला एक लावून ठेवल्या.

"चोपन्न," ती म्हणाली.

प्राध्यापकांनी मनातल्या मनात हिशेब केला. सतरा, एकोणीस आणि बावीस. भीतीचा, शंकेचा आणि स्वतःच्या चुकांचा प्रश्न, आणि याच तिन्हींना त्यांनी सर्वांत जास्त गुण ठेवले होते. तिन्ही खरे लिहिले असणार.

"सोळापर्यंत तू सांगितलंस तसंच केलं," धाकटी खुर्चीवर बसत म्हणाली. "सतरावर आले आणि हातच चालेना. समोर ती पोरगी बसलेली, गोड पोरगी आहे, मला पाणी आणून दिलं तिने. मला वाटलं, ही उद्या यंत्र लावणार, हिला कुणीतरी खरं सांगायला हवं. मूर्खपणा झाला ना?"

"नाही."

"मग झालं काय?"

प्राध्यापकांनी तोंड उघडलं. 'कदाचित' हा शब्द ओठांवर आला होता, तो त्यांनी गिळला. त्यामागे दुसरं काही नव्हतं.

धाकटीने चष्मा काढून डोळे मिटले. वीस मिनिटांनी मिटायचे तसे, पाठ ताठ ठेवून. तिच्यासमोर टेबलावर प्रबंध अजून एकशे बाराव्या पानावर उघडा पडला होता. तिघांची हकिकत त्यांनी तिला रविवारीच सांगितली होती.

"दादा," ती डोळे न उघडता म्हणाली, "तो अर्ध्या बोटाचा, ती पुटपुटणारी, आणि तो तिसरा. त्यांचं पुढे काय झालं?"

"माहीत नाही," प्राध्यापक म्हणाले. "मी परत गेलोच नाही."

तिने मान हलवली, जणू एवढंच विचारायचं होतं. ते पाणी आणायला उठले, ग्लास भरला, आणि तिचे डोळे उघडेपर्यंत तो हातात धरून तिथेच उभे राहिले.