सिंदीच्या मँडोलिनची जबानी

मी मँडोलिन बोलतोय. आधीच सांगून ठेवतो, मला गिटारचं पिल्लू म्हणायचं नाही. सिंदी रेल्वे नावाच्या या गावात माझी हयात गेली आणि निम्म्या गावानं हेच म्हणून माझं डोकं फिरवलंय. मला आठ तारा आहेत, दोन-दोनच्या चार जोड्या. गिटारला सहाच. मोजता येत असेल तर मोजा.

जन्म माझा कलकत्त्याचा. तिथून दुकानादुकानांत धूळ खात नागपुरात आलो आणि नानाजींनी मला उचललं. नानाजी रेल्वेत गँगमन. दिवसभर रुळावर हातोडा चालवायचा आणि संध्याकाळी त्याच हातांनी मला असं हळुवार धरायचं, की मलाच नवल वाटे. कव्वाली पार्टीत आम्ही तीस वर्षं वाजलो. एप्रिलात जयंतीच्या दिवसांत गावोगावची बोलावणी यायची, जेवायलाही फुरसत नसे.

त्या पार्टीचा एक दंडक होता. ज्यानं गाणं रचलं, त्याचं नाव शेवटच्या कडव्यात आलंच पाहिजे. ‘अमका म्हणे’ आलं की लोकांना कळायचं, हे कुणाच्या डोक्यातून निघालं. नाव नसलेलं गाणं म्हणजे बेवारस ढोर, कुणीही दावं लावून घेऊन जावं.

मग कीबोर्ड आले. एका पेटीत शंभर वाद्यं! पार्टी मोडली, नानाजी गेले आणि मी कपाटावर चढलो. अकरा वर्षं होतो तिथं. पालीनं माझ्या पोटात अंडी घातली, तरी कुणाला पत्ता नाही. दिवाळीला उपकार केल्यासारखं फडकं मारायचे. माणसांना जुनी वस्तू टाकवत नाही आणि वापरवतही नाही, हा त्यांचा मोठा रोग आहे.

मला खाली उतरवलं जागृतीनं. ही नानाजींची नात, केळझरला दवाखान्यात नर्स आहे. तारा कशा जुळवायच्या ते ती मोबाइलवर शोधत होती, तर भलतंच काही सापडलं. टोप्या घातलेले चार जण एकाच माइकभोवती दाटीवाटीनं उभे, आणि त्यातल्या एकाच्या छातीशी माझाच एक भाऊबंद! ज्याची पाळी तो पुढं सरकायचा, वाजवून झालं की मागं. आणि वेग तर विचारूच नका.

“ब्लूग्रास म्हन्तात याले,” जागृती मला म्हणाली. ती माझ्याशी बोलते, तिला वेडी समजू नका. “अमेरिकेतल्या डोंगरातल्या लोकायचं गानं. गाडी, गाव, माय, हेच सारं असते त्याच्यात. आपल्यावानीच हाय ना!”

खरं सांगतो, तोवर मला वाटायचं की मी नुसता दुःखाच्या गाण्यात किणकिण करायला जन्मलोय. जागृतीनं माझ्या तारा दाबून ‘छक्, छक्’ असा ठोका काढला आणि माझ्या अंगात मालगाडी शिरली. तिच्या बोटांना फोड आले. चिकटपट्टी लावून ती पुन्हा बसायची.

नुसतं दुसऱ्यांचं वाजवून तिचं भागेना. स्वतःचं गाणं पाहिजे होतं. विषय तिला स्टेशनवर मिळाला. अन्नपूर्णाकाकू तिथं पॅसेंजरच्या लोकांना उकडलेल्या शेंगा विकतात. एक्स्प्रेस थांबत नाही हे त्यांना चांगलं ठाऊक आहे, तरी ती आली की टोपली घेऊन ताठ उभ्या राहतात.

“काकू, थे तं थांबत नाई. काऊन उठता?” जागृतीनं विचारलं.

“थे थांबत नाई म्हून मी काऊन बसू?”

झालं! त्या एका वाक्यावर पोरीनं चार महिने घासले. पोळ्या लाटताना गुणगुणायची, पीठ लागलेल्या हातांनी मला धरायची. काकूंच्या घरी बसून त्यांचं बोलणं ऐकायची. शेवटी टोपलीवाल्या बाईच्या तोंडी धृपद जमलं:

*जाय वो गाडी जाय, तुह्यासाठी मी काऊन रुसू?*
*तू थांबत नाई म्हून मी काऊन बसू?*

एक गोष्ट मात्र तिनं केली नाही. शेवटच्या कडव्यात नाव घातलं नाही. “मी काय शायर हाय का? लाज वाटते,” म्हणाली आणि गावातल्या कलाकारांच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर गाणं तसंच सोडून दिलं. मी ओरडणार कसा? मला तोंड नाही, नुसतं पोट आहे.

आठच दिवसांत गजेंद्रनं ते गाणं एका लग्नाच्या रिसेप्शनमध्ये म्हटलं. हा आमच्याकडचा नावाजलेला गायक, आवाज खणखणीत, सदरा चमकीचा. शेवटी काय जोडलं? ‘गजेंद्र म्हने, चला सारे हसू!’ टाळ्याच टाळ्या. जागृती जेवणाच्या रांगेत ताट घेऊन उभी होती. तशीच ताट ठेवून घरी आली आणि माझ्यावर डोकं टेकून रडली. मला राग आला, फार राग आला.

दुसऱ्या दिवशी तिनं त्याला घरी बोलावून विचारलं. तो निवांत चहा प्यायला.

“ताई, नाव नोतं म्हून मी टाकलं. बेवारस होतं ना थे. अन् तुह्या नावानं कोनी आयकलं असतं का? थ्या सिंदी मेघे गावच्या स्पर्धेत मी हेच म्हनून राह्यलो. तू माह्या मांगं बसून वाजवजो. तुयंही नाव होईन.”

“तुमच्या मांगं? माह्या गान्यात?” जागृती म्हणाली. “चहा झाला ना गजेंद्रभाऊ? या मंग.”

ती स्पर्धा स्वतः लिहिलेल्या गाण्यांचीच होती, म्हणून जागृतीनंही नाव दिलं. भर दुपारी हॉल गच्च. गजेंद्र आधी म्हणून गेला. मग जागृती मला घेऊन चढली तर आयोजक महादेवराव माइकवर म्हणाले, “अहो, हे गानं तं झालं. दुसरं म्हना.”

“झालं थे माह्यंच होतं.”

हॉलमध्ये कुजबुज. गजेंद्र उठला. “काय पुरावा हाय?”

“पुरावा राहू द्या. मले एवढंच सांगा, गान्यातली टोपलीवाली बाई कोन हाय?”

गजेंद्र हसला. “कोनी नाई. काल्पनिक हाय थे.”

“काल्पनिक?” तिसऱ्या रांगेतून आवाज आला. जागृतीबरोबर आलेल्या अन्नपूर्णाकाकू उभ्या राहिल्या होत्या, एक्स्प्रेससाठी उभ्या राहतात तशा ताठ. “मी काल्पनिक का रे? परवा दोन पुडे शेंगा नेल्या तू! या पोरीनं माह्या घरी बसून लिवलं गानं.”

हॉल असा हसला की महादेवरावांचं काही ऐकूच येईना. जागृतीनं वाट पाहिली नाही. माइक खाली ओढला, मला त्याच्याजवळ नेलं आणि सुरुवात केली. काय वाजलो मी त्या दिवशी! नानाजींच्या हातातसुद्धा असा वाजलो नव्हतो. आणि शेवटी तिनं मान वर करून म्हटलं:

*जागृती म्हने, सांगा, खाली मान घालून काऊन बसू?*
*माह्याच गान्यात मी काऊन नसू?*

एकदा नाही, तीनदा म्हटलं. तिसऱ्या वेळी मागच्या बाया तिच्याबरोबर म्हणत होत्या.

बक्षीस मिळालं नाही. एक गाणं दोनदा झालं म्हणून दोघंही बाद, बक्षीस तिसऱ्याच कुणाला गेलं. गेलं तर गेलं.

आता माझी पाठ उकललीय, गोंदानं चिकटवून चालवतोय. एक खुंटी ढिली पडलीय, तार रोज उतरते. किती दिवस काढीन सांगता येत नाही, पण पुन्हा कपाटावर चढणार नाही, चढवूनच बघा! तुमच्याही घरात माझ्यासारखा कुणी वर पडला असेल, तर आजच उतरवा. आणि गाणं केलंत, तर लाजू नका, आपलं नाव घालूनच बाहेर काढा.

आमचं नवं गाणं सुरू आहे. ह्या वेळी जागृतीनं शेवटच्या कडव्याची वाटच पाहिली नाही. गाण्याचा पहिलाच शब्द आहे, जागृती.