लाल टोपीतला नायटा

तलासरीच्या नाक्यावर मुकेश शेठचं दुकान आहे. तिथे काय मिळत नाही तेवढंच विचारा. साबण, चपला, मोबाईलची कव्हरं, लग्नाला भाड्याने शेरवानी, शाळेच्या गॅदरिंगला भाड्याने देव आणि राक्षस. देवांचे मुकुट, राक्षसांच्या मिशा आणि कोळीनाचाच्या लाल टोप्या एकाच पत्र्याच्या पेटीत राहत. त्या पेटीचं झाकण उघडलं की वासाने गुजरातकडे निघालेले ट्रक आपोआप वेग वाढवून हद्द ओलांडत. खोटं वाटत असेल तर ट्रकवाल्यांना विचारा. थांबले तर सांगतील.

पेटीतल्या कापडाला पाणी लागायचं ते फक्त पावसाळ्यात, तेही छप्पर गळलं तर. एका शाळेच्या पोरांनी घामाने भिजवलेलं सामान तसंच कोंबायचं आणि उद्या दुसऱ्या शाळेला द्यायचं, असा शेठचा धंदा.

आमच्या पाड्यावर जिवली म्हणून एक म्हातारी आहे. तिची नात संगिता. आईबाप तारापूरकडे कारखान्यात कामाला, म्हणून पोरगी आजीकडे. संगिताचे केस एवढे लांब, की वेणी घालायला बसलं की वरच्या टोकाला जिवली आणि खालच्या टोकाला पोरीचा थोरला भाऊ बाबल्या, आणि मधे काय चाललंय ते एकमेकांना ओरडून सांगावं लागे.

गेल्याच्या गेल्या हिवाळ्यात शाळेच्या गॅदरिंगला कोळीनाच बसवला. डोंगरातली पोरं ती. समुद्र पाहिला तो बोर्डीच्या सहलीत, आणि तोही भरती ओसरल्यावर. संगिता सगळ्यांत उंच, म्हणून तिला नाखवा केलं. मुकेश शेठच्या पेटीतून लाल टोपी आली, तिची सोनेरी किनार एका बाजूला लोंबत होती. जिवलीकडे सोनेरी दोरा कुठून असणार? तिने हिरव्या दोऱ्याने ती शिवून दिली. नाच झाला, टाळ्या पडल्या, टोपी पेटीत परत गेली.

होळीच्या सुमाराला संगिताच्या टाळूवर एक गोल चट्टा दिसला. कोंडा धरलेला, आणि केस मुळापाशी तुटलेले; भात कापल्यावर शेतात खुंटं राहतात तसे. मग मानेवर एक कडं उठलं, कडेने लाल आणि फुगीर, मधे साफ. खाज तर अशी, की पोरगी झोपेतही खाजवायची आणि शेजारची कोंबडी जागी व्हायची. शेजारीण म्हणाली पाल मुतली असेल. भगताने तांदूळ टाकून पाहिले आणि दोष दारातल्या वासरावर ढकलला. वासरू बिचारं अंगभर केसाळ, कुठे एक टक्कल नाही. ते निर्दोष सुटलं.

जिवली मुकेश शेठकडे गेली. त्याने एक ट्यूब दिली. खाज, खरूज, नायटा, सगळ्यावर चालते म्हणाला. लावली तशी लाली उतरली, खाज थांबली, जिवलीने शेठला आशीर्वादसुद्धा दिला. मग नायटा दुप्पट होऊन वर आला. पुन्हा ट्यूब, पुन्हा आराम, पुन्हा चट्टा, आता हाताच्या पंज्याएवढा. रोग भाड्याने देणारा तोच, औषध विकणारा तोच. मधलं डोकं तेवढं आमचं.

महालक्ष्मीची जत्रा उरकल्यावर, बाजाराच्या दिवशी, जिवली पोरीला घेऊनच दुकानात गेली. पोरीच्या डोक्याला ओढणी बांधलेली. दुकान गिऱ्हाइकांनी भरलेलं. शेठ गल्ल्यावरून उठला नाही. त्याने कापड मोजायची पट्टी पुढे केली, पट्टीच्या टोकाने ओढणी उचलली आणि सगळ्यांना दाखवत म्हातारीला म्हणाला, "ए डोसी, तुमच्या लोकांना अंघोळीची सवय नाही, त्याला माझी ट्यूब काय करणार?"

दोघं-तिघं हसले. एक बाई आपलं पोर ओढून मागे सरकली.

संगिताने ओढणी घट्ट केली, आणि ती पुढे सुटलीच नाही. शाळा उघडली तरी ती गेली नाही. नदीवर गेली नाही, अंगणात खेळली नाही, आरशाचा तुकडा तिने तांदळाच्या कणगीत पुरून टाकला. ओढणीखालून ती घराच्या कुडाकडे बघत बसे.

जिवलीला एवढा राग आला, की त्या आठवड्यात तिने चूल पेटवलीच नाही. भाकरी हातावर थापली की हातावरच भाजून निघायची. बाबल्याला सगळ्या दुखण्यांवर एकच औषध माहीत, काठी. तो म्हणाला, दुकान फोडून येतो. जिवलीने त्याला बसवलं.

"काठीचा वळ चार दिवसांत जातो. मला त्याचाच हात त्याच्याच डोक्यात पाहिजे. आणि बघायला तीच माणसं पाहिजेत."

पण आधी पोर बरी करायची होती. जीपने डहाणू गाठलं. सरकारी दवाखान्यातल्या डॉक्टरीणबाईंनी ओढणी हळूच स्वतःच्या हाताने सोडली, चट्ट्याचा कोंडा आणि दोन केस तपासायला घेतले. ट्यूबचं खोकं पाहून कपाळाला हात लावला. त्यात खाज दाबणारं जालीम औषध मिसळलेलं आहे, म्हणाल्या. वरून लाली जाते आणि खाली बुरशी आरामात पसरते. हो, बुरशीच, ओल्या भिंतीवर धरते तिची बहीण. त्यात पाल नाही, शाप नाही, आणि अंघोळीचा आळस तर नाहीच. चांगली न्हाऊमाखू घातलेली पोरंसुद्धा एकमेकांच्या कंगव्याने, टॉवेलने, टोपीने हे घरी आणतात. डोक्यातल्या नायट्याला नुसतं मलम पुरत नाही, पोटातून औषध लागतं. जेवल्यावर घ्यायचं, आणि खाज थांबली म्हणून मधेच सोडायचं नाही. घरातल्या सगळ्यांची डोकी दाखवून न्या. कंगवा वेगळा, उशीची खोळ गरम पाण्यात, कपडे कडक उन्हात. केस भादरायची गरज नाही आणि औषध सुरू झालं की शाळा बुडवायचीही गरज नाही.

मग त्यांनी विचारलं, हिने कुणाची टोपी घातली होती का?

जिवलीला हिरवा दोरा आठवला. अमक्याच टोपीतून आलं असं छातीठोक कुणी सांगू शकत नाही, हे बाईंनी बजावलं होतं. पण परत आल्यावर जिवलीने कोळीनाचातल्या पोरांची डोकी एकेक करून पाहिली, आणि त्यातल्या तिघांना घेऊन त्यांच्या आया दुसऱ्याच दिवशी डहाणूच्या जीपमध्ये बसल्या.

पावसाळाभर औषध चाललं. भाताच्या आवणीच्या दिवसांत चिखलात उभी असली तरी जिवलीने औषधाची वेळ चुकवली नाही. भात पोटरीला आलं तेव्हा संगिताच्या टाळूवर केसांची रोपं उभी राहिली. दिवाळीपर्यंत सगळं डोकं हिरवंगार, म्हणजे काळंभोर. नायटा गेला. ओढणी मात्र गेली नाही. बाईंनी सांगितलं म्हणून पोरगी शाळेत जायला लागली, पण ओढणी बांधूनच, आणि मागच्या भिंतीला टेकून बसायची. पट्टीचं टोक तिच्या डोक्यात अजून होतं. ते काढायला दवाखान्यात औषध नव्हतं.

हिवाळा आला. पुन्हा गॅदरिंग, पुन्हा कोळीनाच, आणि रविंद्र गुरुजींनी पाहुणा कोण बोलवावा? दरवर्षी सामान पुरवतात म्हणून मुकेश शेठ. जिवली गुरुजींकडे गेली आणि गोड आवाजात म्हणाली, शाल-नारळ सगळेच देतात, शेठ मूळचे चिंचणीचे, त्यांना किनाऱ्याचा मान देऊ. नाखव्याची टोपी घालू. गुरुजींना फार आवडलं.

शेठच्या पेटीतून टोप्यांचं गाठोडं आलं. तीच हिरव्या दोऱ्याची टोपी त्यात होती, तशीच, आतून तेलकट. पाड्यावरच्या बायांनी लग्नाच्या भाताचं पातेलं चढवलं आणि सगळ्या टोप्या खळखळ उकळून दिवसभर कातळावर उन्हात टाकल्या. रंग पक्का निघाला. कच्चा निघाला तो दुकानदार.

बाबल्या हिरमुसला. उकळायची कशाला, लागू दे की त्याला, म्हणाला.

"माझ्या पोरीचे हात लागणार आहेत तिला," जिवली म्हणाली.

संगिता आधी नाहीच म्हणाली. मग टोपी उलटसुलट करून बघत तिने विचारलं, "आजी, ही तीच?"

"तीच. उकळली आहे हे तुला ठाऊक, मला ठाऊक. त्याला ठाऊक नाही."

पोरगी कित्येक महिन्यांनी हसली.

गॅदरिंगला अर्धा नाका लोटला होता. पट्टी उचलली तेव्हा हसलेले तेही पुढच्या रांगेत. गुरुजींनी नाव पुकारलं, शेठने मान झुकवली आणि संगिताने टोपी त्याच्या डोक्यावर चेपून बसवली. मान वर करताना शेठला आधी ओढणी दिसली, मग पोरीचा चेहरा. टोपी नीट करायला त्याने किनारीला हात लावला आणि बोटांना शिवण लागली. टोपी किंचित काढून त्याने पाहिलं. हिरवा दोरा. त्याच्या तोंडाचा रंग त्या दोऱ्यावर गेला.

गुरुजी म्हणाले, राहू द्या शेठ, फोटो व्हायचाय. मग गुरुजींनी भाषण सुरू केलं. गुरुजींचं भाषण म्हणजे डोंगरातला रस्ता, संपला वाटतो तिथे वळण घेतो. पहिल्या वळणाला शेठने भुवई उडवली. दुसऱ्याला एक बोट टोपीखाली घातलं. तिसऱ्याला पाचही. पुढे तो दोन्ही हातांनी असा खाजवायला लागला, की मांडवाचे बांबू हलले, वरच्या पताका गळून पडल्या आणि ढोलवाल्याला वाटलं नाच सुरू झाला, त्याने ठेका धरला. शेवटी शेठने टोपी ओरबाडून फेकली आणि आपल्या गड्यावर खेकसला, "लाहू, ही कुणी दिली? ही खाजेची आहे, पोरांच्या तक्रारी आल्यात, पेटीत तळाशी ठेव म्हटलं होतं ना तुला!"

माईक चालू होता.

ढोल थांबला. त्या शांततेत जिवली उठली, पदर सावरत माईकपाशी गेली आणि अगदी काळजीने म्हणाली, "शेठ, आज अंघोळ केली नव्हती का?"

कुणीतरी फुसकन हसलं, मग सगळा मांडव हसला. शेठ म्हणाला दवाखाना, गाडी, डॉक्टर. कुणी जागचं हललं नाही. तेवढ्यात संगिता खाली वाकली. तिने टोपी उचलली. सगळ्यांच्या समोर ओढणीची गाठ सोडली, दोन जाडजूड वेण्या बाहेर आल्या, आणि तिने तीच टोपी स्वतःच्या डोक्यावर चढवली. आया-बाया हसत होत्या. त्यांनीच तर पातेलं चढवलं होतं. शेठ तिच्याकडे बघत राहिला आणि खाजवतच राहिला.

"उकळलेली आहे," जिवलीने माईकमध्ये सांगितलं. "आम्हाला सवय आहे धुवायची."

नाचात नाखवा संगिताच होती.

आता मुकेश शेठच्या दुकानामागे दोरी बांधलेली आहे. तिच्यावर दर आठवड्याला देवांची पितांबरं आणि राक्षसांच्या मिशा उन्हात वाळतात, कारण धुतलं का हे विचारल्याशिवाय कोणतीही आई आता काही घेत नाही. ती ट्यूबही फळीवरून गेली.

जिवलीने माफ केलं असेल असं तुम्हाला वाटेल. छे. बाजाराच्या दिवशी ती दुकानासमोर येते, काही घेत नाही, बोलत नाही. शेठची नजर वर येईपर्यंत उभी राहते, आणि मग पदराखाली बोट घालून आपलं डोकं एकदाच, सावकाश, खाजवते.

शेठचा हात आपोआप वर जातो. तो गेलेला पाहूनच ती पुढे मिरच्या घ्यायला वळते.