काटकसरीची सभा

ट्रेव्हर किबेने समोशाचं टोक मोडलं, चटणीत बुडवलं आणि काटकसरीवर बोलायला सुरुवात केली.

नाकुरू शहरातल्या मोटर क्लबचा हॉल रॅलीच्या, म्हणजे लांब पल्ल्याच्या मोटारशर्यतीच्या, ड्रायव्हरांनी भरला होता. गथोनी मुद्दाम मागच्या रांगेत, दाराशी बसली होती; कंटाळा आला तर गुपचूप सटकता यावं म्हणून. आता मात्र तिला उठवेना. माणूस किती निर्लज्जपणे बोलू शकतो, हे फुकटात बघायला मिळत होतं.

किबेचं म्हणणं असं, की रॅली फार महाग झाली आहे. तेव्हा पुढच्या मोसमापासून सगळ्यांनी एकाच प्रकारची नवी गाडी चालवावी. तिचं इंजिन कारखान्यातूनच सीलबंद येतं, ते कुणी उघडायचं नाही. सुटे भाग सगळ्यांचे सारखे. म्हणजे चढाओढीने पैसे उधळायला वावच उरत नाही. आणि जुन्या गाड्या? त्या बाद. हे बोलताना त्याचा चेहरा इतका दुःखी झाला, की वाटावं, घरातलंच कुणी गेलंय.

ती नवी गाडी देशात आणणारा एकुलता एक माणूस किबेचा सख्खा मेहुणा होता. हॉलमधल्या प्रत्येकाला ते ठाऊक होतं आणि प्रत्येक जण समोसा खात होता.

गथोनी त्याच्या पायांकडे बघत राहिली. बुटांवर धुळीचा कण नाही. मागच्या रॅलीत हाच माणूस थंडगार ट्रकमधून उतरला होता. त्याच्या हेल्मेटला स्वतःची बॅग होती आणि ती बॅग उचलायला स्वतंत्र माणूस होता. चालला काटकसर शिकवायला.

"विचार ना त्याला, मेहुणा बहिणीला माहेरी तरी पाठवतो का, की तिथेही बचत," शेजारून न्योकाबी कुजबुजली. न्योकाबी तिची धाकटी बहीण. शर्यतीत बाजूच्या सीटवर बसून पुढची वळणं वाचून दाखवायची ती हीच.

"गप. त्याचा घास अडकेल," गथोनी म्हणाली.

बाद ठरणाऱ्या गाड्यांत त्यांची गाडी पहिली होती. दोन अपघाती गाड्यांचे भाग जोडून दोघींनी ती मावशीच्या कोंबड्यांच्या खुराड्यामागे उभी केली होती. दुसरी गाडी नव्हतीच, म्हणून बाजारातले कोबी-बटाटेही तिच्यातूनच येत आणि आज सभेलाही दोघी तिच्यातूनच आल्या होत्या. बाहेर लांबलचक पिकअपच्या रांगेत ती उभी होती, धुळीने माखलेली, दारावर क्रमांक मिरवत. ती बाद झाली, की गथोनीचं रॅली चालवणंच संपलं. नवी गाडी तिला या जन्मात परवडणार नव्हती.

अध्यक्ष ओलुओच साहेबांनी कुणाला काही बोलायचंय का विचारलं, तेही नाही म्हणा अशा सुरात. गथोनी उभी राहिली.

आधी तिने किबेंचे आभार मानले. गरिबांची एवढी काळजी करणारा माणूस तिने निवडणुकीशिवाय पाहिला नव्हता. दोन-चार जण हसले. मग तिने तिची गाडी किती पैसे खाते नि किती खात नाही ते सांगितलं. दरवाजे कुणाचे, गिअर कुणाचे, आणि रेडिएटरची जाळी खुराड्याची कशी आहे तेही. हॉल खदाखदा हसू लागला. हेल्मेटमधून एकमेकांशी बोलायचा इंटरकॉमचा डबा बसवायला लोक परदेशातून नळीभोवती आवळायची खास पकडपट्टी मागवतात, ती म्हणाली. तिने तो स्वतः, दुपारच्या चहाआधी बसवला होता. आता टाळ्याही पडल्या. किबे चटणीकडे बघत होता.

"काटकसर तुम्हाला सुचते, किबे साहेब," ती म्हणाली. "आम्ही ती चालवतो."

मतासाठी हात वर झाले. ओलुओच साहेबांनी ते दोनदा मोजले, कारण पहिल्यांदा त्यांना पटलंच नाही. जुन्या गाड्या राहणार होत्या. मात्र प्रत्येक गाडी आधी सुरक्षिततेच्या तपासणीत पास झाली पाहिजे.

किबेने बोटं पुसली.

"मान्य," तो म्हणाला. "मग सुरुवात ताईंच्या गाडीपासूनच करू. बाहेर उभीच आहे."

"या की," गथोनी म्हणाली. "बूट तेवढे सांभाळा."

तपासणी मझे तानुईंची. नाकुरूत त्यांना सगळेच मझे, म्हणजे बुजुर्ग, म्हणत. कधीकाळी त्यांनी मोठमोठ्या रॅली जिंकल्या होत्या. आता गाड्या तपासत. पास झालेल्या गाडीच्या काचेवर ते खडूने खूण करत आणि शर्यत संपेपर्यंत ती खूण कुणी पुसत नसे. पावसाने पुसली तर ड्रायव्हर हळहळत. आज मात्र ते सभाभर कोपऱ्यात पेंगत होते, एक मोजा घोट्यावर उतरलेला. गथोनीला वाटलं, त्या विजेत्याचं एवढं बुजगावणंच काय ते शिल्लक राहिलंय.

सगळे समोसे हातात घेऊन बाहेर आले. मझेंनी गाडीभोवती एक फेरी मारली. बॉनेट उघडलं, मिटलं. मग गुडघा धरत न्योकाबीच्या सीटवर बसले आणि आतल्या लोखंडी पिंजऱ्याच्या नळ्यांवरून अंगठा फिरवू लागले. गाडी उलटली, की टपाचा सगळा भार पेलतात त्या याच नळ्या.

इंटरकॉमच्या डब्यापाशी अंगठा थांबला. जरा मागे गेला. पुन्हा तिथेच आला.

पिंजऱ्याच्या नळीला भोक पाडायचं नाही, नाहीतर ती तिथेच मोडते, हे रॅलीत पोराटोरांनाही ठाऊक असतं. पकडपट्टी असते ती त्यासाठीच. गथोनीने थेट ड्रिल लावलं होतं. पहिलं भोक चुकलं, म्हणून शेजारी दुसरं पाडलं, मग आणखी दोन. चुकलेल्यांत रंगाऱ्याची लांबी भरली, वर रंग फासला आणि एवढ्याशा भोकाने काय होतंय म्हणत ती चहाला गेली होती.

"इथे कोण बसतं?" मझेंनी विचारलं.

"मी बसते," न्योकाबी म्हणाली. "का, तुम्हाला उठवत नाहीये का? हात देऊ?"

लोक हसले. मझे तिचा हात धरून उठले. त्यांनी नळीकडे पुन्हा पाहिलं नाही, गथोनीकडे पाहिलं.

"काय मझे, पास?" किबेने विचारलं.

मझेंनी खिशातून खडू काढला, त्याला चिकटलेला दोरा फुंकून उडवला.

"गाडी पोरीने बांधलीय," ते म्हणाले. "खूण तिलाच करू दे."

असं पूर्वी कधी झालं नव्हतं. मागून कुणीतरी शिट्टी घातली. ओलुओच साहेबसुद्धा टाळ्या वाजवू लागले. न्योकाबी एव्हाना टुणकन आपल्या सीटवर जाऊन बसली होती. तिने पट्टा लावला, दार ओढून घेतलं आणि काचेमागून किबेला वाकुली दाखवली.

गथोनी पुढे झाली. तिने खडू काचेवर टेकवला. पलीकडे न्योकाबीचा चेहरा होता, दात दाखवणारा, आणि तिच्या डोक्याच्या वीतभर वर ती रंगवलेली नळी.

"काय ताई," किबे म्हणाला, "खूण कशी काढतात ते विसरलात?"

पिंजरा काढून नवा बसवायचा म्हणजे हा मोसम गेलाच. कदाचित पुढचाही.

तिने काचेवर टकटक केलं.

"न्योकाबी, उतर."

"का गं?"

"उतर म्हणतेय ना."

मझे तानुईंनी हात पुढे केला. तिने खडू त्यांच्या तळव्यावर ठेवला आणि काचेवर उमटलेला पांढरा ठिपका बाहीने पुसून टाकला.