खालून पहिली

मी गौहर. गारखेड्यात सगळे मला गौहर मिस म्हणतात. तीस वर्षं घरोघरी जाऊन पियानो शिकवला, आणि लपवायचं कशाला, फूटपट्टीनं शिकवला. मला शाळेत ज्या सिस्टरनं शिकवलं तिच्याकडं लाकडी फूटपट्टी होती, माझ्याकडं प्लॅस्टिकची. एवढी सुधारणा मी एकटीनं केली. मनगट खाली पडलं की टक्क. पोरं रडायची, महिन्याभरात पळून जायची, आणि जी उरायची ती वाजवायची.

यंदा जूनमध्ये तनुजा मॅडमनं अकॅडमी काढली आणि मला नोकरीवर ठेवलं. मॅडम वयानं माझ्या मुलीएवढी. पियानो तिला येत नाही, पण मुलांना खेळातून कसं शिकवावं याचा तीन दिवसांचा ऑनलाइन कोर्स तिनं केलाय. त्याचं सर्टिफिकेट फ्रेम करून जिन्यात लावलंय. पहिल्याच दिवशी तिनं माझी फूटपट्टी माझ्यादेखत कचऱ्याच्या डब्यात टाकली आणि सांगितलं, इथं सगळं खेळातून. आपण शिकतोय हे मुलांना कळताच कामा नये. या अल्ला, म्हटलं, ते तर कुणालाच कळणार नाही. पण हे मनातच, नोकरी होती.

मग खेळ आले. जमिनीवर पसरायची, पियानोच्या पट्ट्या छापलेली सतरंजी आली, ती आठवड्यात फाटली. सुरांचे फासे आले, ते पोरांनी खिशात घालून घरी नेले. शेवटी टिकली ती आपली साधी संगीत खुर्ची. आठ मुलं, सात खुर्च्या. पहिल्या फेरीला मी वाजवायचे. जो पहिला आउट होईल त्यानं पियानोवर माझ्या शेजारी येऊन बसायचं आणि डाव संपेपर्यंत बाकीच्यांसाठी वाजवायचं. मी त्याची बोटं धरून सूर दाखवायचे. खांद्यावर हात ठेवला की त्यानं थांबायचं, तो थांबला की बाकीच्यांनी खुर्ची धरायची. हा नियम मॅडमचा. आउट झालेल्या मुलाला हरल्यासारखं वाटू नये, त्याला जबाबदारी द्यावी, असं कोर्समध्ये होतं म्हणे. नंतर आउट होणाऱ्यांनी भिंतीला बसून टाळ्या द्यायच्या. जिंकणाऱ्याला चॉकलेट आणि पांढऱ्या बोर्डावर नावापुढं एक तारा.

आता ज्याचं डोकं ठिकाणावर आहे त्याला यातली गंमत लगेच दिसली असती. पियानोच्या क्लासात जो जिंकतो त्याचा पियानोला हातच लागत नाही. मला हे दिसायला तीन आठवडे लागले. दिसल्या दिसल्या मॅडमला जाऊन सांगितलं. ती म्हणाली, मिस, मुलं खूश आहेत ना? मुलं खूशच होती. खुर्च्यांवर उड्या मारायला मिळतात आणि वर चॉकलेट, कोण नाखूश असेल?

बोर्डावर सगळ्यात वर शिवम. खुर्ची पकडण्यात त्याचा हात धरणारा कुणी नव्हता. आईवडील रोज जेवणाच्या टेबलाच्या खुर्च्या मांडून त्याची प्रॅक्टिस घेतात, हे त्यानंच मला कौतुकानं सांगितलं. चार महिन्यांत चाळीस तारे. आणि सगळ्यात खाली सोनिया. नऊ वर्षांची, दोन वेण्या, तोंडातून शब्द निघेल तर शपथ. तारे शून्य.

सोनियाचे वडील काकासाहेब. मूळचे पाचोडचे, क्रांती चौकाजवळ त्यांचं फ्लेक्स छापायचं दुकान आहे. दहावी-बारावीचा निकाल लागला की चौकाचौकात जी पोरं हार घालून हसत असतात ती बरीचशी त्यांच्या मशीनमधून निघालेली. दुसऱ्यांच्या लेकरांचे फोटो छापून छापून माणूस मेटाकुटीला आला होता. आपल्याही पोरीचा एक फ्लेक्स लागावा, एवढीच त्यांची इच्छा. कशाबद्दल लागावा याबद्दल हट्ट नव्हता.

शनिवारी पोरीला न्यायला आले की ते आधी बोर्ड वाचायचे. श्रावणात एकदा वाचून म्हणाले, "काय मिस, आमची लेक खालून पहिली." चेष्टेत म्हणाले, पण चेहरा पडलेला होता. मग सरळच सांगितलं. दिवाळीपर्यंत वर सरकली तर ठीक, नाहीतर इथून काढून अबॅकसला घालणार. तिथं तरी नंबर येईल. सोनिया बाजूला वाकून चपलेचा पट्टा लावत होती. लागलेलाच पट्टा ती पुन्हा पुन्हा लावत होती.

मलाही तेव्हा पोरगी मंदच वाटत होती, खोटं कशाला बोलू. गाणं थांबलं की सगळे झेपावायचे आणि ही आपली उभी. तिला न्यायला उशीर होणार होता म्हणून एकदा ती खाली गल्लीत खेळत थांबली. मी गॅलरीतून सहज बघितलं तर लंगडी चालली होती, आणि आमची मंद सोनिया एका पायावर तिच्याहून मोठ्या पोरांना पटापट बाद करत होती. मी तशीच जिना उतरून खाली गेले. तिला बाजूला घेतलं आणि खडसावून विचारलं, वर खुर्ची का धरत नाहीस?

ती अंगठ्यानं माती उकरत म्हणाली, "जिंकलं की वाजवायला मिळत नाय, मिस."

मला रडू आलं, सांगायला लाज कसली. तीस वर्षं माझ्या हातातून पोरं पळाली ती पियानोपासून लांब. ही एकटी पियानोकडं पळत होती, आणि त्यासाठी आठवड्यातून तीन दिवस सगळ्यांसमोर हरत होती. बाकीच्यांना वाटायचं तिला शिक्षा होतेय. शिवमनं तर एकदा दया येऊन तिला अर्धं चॉकलेट दिलं होतं. आणि तिकडं माझ्या शेजारी बसून बसून पोरगी दोन्ही हातांनी वाजवायला लागली होती, मनगट न पाडता, फूटपट्टीशिवाय.

मी काकासाहेबांना फोन केला. म्हटलं, तुमची मुलगी लई गोड वाजवते, काढू नका तिला. त्यांनी शांतपणे विचारलं, मग बोर्डावर का दिसत नाय? मी म्हटलं, बोर्ड सोडा. ते म्हणाले, मिस, आमचा धंदाच बोर्डाचा आहे, बोर्ड कसा सोडू? फी चालू राहावी म्हणून मास्तरीण पालकांशी अशीच गोड बोलते, हेही त्यांनी सुचवलं. मी गोड बोलते, असं माझ्या अब्बांनीसुद्धा कधी म्हटलं नव्हतं.

मग मीच सोनियाला शिकवलं, की बाई, दोन-चार तारे मिळव, म्हणजे तुझे पप्पा गप्प बसतील. ती शहाणी पोर, दोन दिवस जिंकली, तरी बोर्डावर खालूनच पहिली. चॉकलेट मुठीत धरून भिंतीला बसली आणि डाव संपल्यावरही पियानोवर दुसराच कुणी पोरगा धबाधबा बडवत होता ते बघत राहिली. चॉकलेट मुठीतच विरघळलं. तिसऱ्या दिवशी मीच तिच्या कानात म्हटलं, हर बाई, हर.

दिवाळीच्या आधीच्या रविवारी मॅडमनं पालकांसाठी कार्यक्रम ठेवला. बोर्डावर जो पहिला तो स्टेजवर पियानो वाजवणार. मी सांगितलं, त्याला येत नाही. मॅडम म्हणाली, असं कसं, चाळीस तारे आहेत त्याला. ती खरंच मोजून सांगत होती. स्टेजमागं शिवमचा फ्लेक्स लागला, आठ फूट रुंद. छापला काकासाहेबांनी. चढवलाही त्यांनीच, स्वतः शिडीवर उभं राहून, आणि मग खाली येऊन तिसऱ्या रांगेत हाताची घडी घालून बसले. सोनियाला त्यांनी सांगून ठेवलं होतं, की आजचा शेवटचा दिवस.

शिवम स्टेजवर आला. सवयीनं त्यानं पियानोच्या स्टुलाभोवती एक चक्कर मारली आणि धप्पकन बसला. बसला असा सुरेख की लोकांनी टाळ्या वाजवल्या. मग तो बसूनच राहिला. हॉल त्याची वाट बघतोय, तो हॉलची. शेवटी त्यानं माइकला तोंड लावून विचारलं, "मॅडम, चॉकलेट?"

मॅडम वेळ मारून नेण्यात हुशार. लगेच जाहीर केलं, की आता हा आनंद पालकांनीही घ्यावा, आठ पालक स्टेजवर या, सात खुर्च्या मांडा. आणि वाजवायला कोण? तर तिच्या तोंडून सवयीनंच निघालं, "सोनिया बेटा, तुझी जबाबदारी." मी शेजारी जाऊन बसले.

सोनिया वाजवायला लागली. काय वाजवत होती ते सांगून उपयोग नाही, ऐकायला पाहिजे होतं. पालक खुर्च्यांभोवती फिरायला लागले, पदर खोचून, चपला काढून, एकमेकांकडं संशयानं बघत. काकासाहेबांनाही कुणीतरी वर ढकललं होतं. मी मुद्दाम तिच्या खांद्यावर हात ठेवायला उशीर केला. ठेवला तेव्हा सगळे तुटून पडले. शिवमच्या वडिलांनी तर एका बाईंना कोपरानं बाजूला सारून खुर्ची धरली. काकासाहेब तेवढे मधोमध उभे होते, पियानोकडं तोंड करून. त्यांना गाणं थांबल्याचं कळलंच नव्हतं.

पहिले आउट. नियम म्हणजे नियम, मॅडमनं माइकवरून त्यांना पियानोवर पाठवलं. मी उठून जागा दिली. बाप लेकीशेजारी स्टुलाच्या काठावर टेकला. सोनियानं त्यांचं शाई लागलेलं बोट धरलं, एका पांढऱ्या पट्टीवर नेऊन ठेवलं आणि हळू म्हणाली, "इथं, पप्पा. तुम्ही एवढीच दाबायची." डाव संपेपर्यंत ते ती एकच पट्टी दाबत होते, आणि घाम पुसायला खिशातला रुमालही काढत नव्हते.

मला बोलायचं नव्हतं, पण माझं डोकं फिरलं. माइक घेतला आणि सगळ्यांना सुनावलं. म्हटलं, ही पोरगी चार महिने मुद्दाम हरली, कारण तुमच्या या खेळात हरल्याशिवाय पियानो मिळत नाही. तुमची लेकरं खुर्च्या शिकली, ही पियानो शिकली. लोक आपापल्या लेकरांकडं वळून बघायला लागले. मला वाटलं, समजलं लोकांना.

समजलं होतं तर! सोमवारी क्लास भरला. मी वाजवायला सुरुवात केली, आठ मुलं फिरायला लागली, मी थांबले. कुणीही बसलं नाही. सात खुर्च्या रिकाम्या आणि आठ मुलं विजेच्या खांबासारखी ताठ उभी. घरोघरी एका रात्रीत नवी प्रॅक्टिस झाली होती, हरायची. मग एकदम गलका उठला, मी आउट, मी आधी आउट, आणि सगळी पियानोवर धावून आली. शिवम अर्थात सगळ्यात पुढं, तो धप्पकन जवळजवळ माझ्या मांडीतच बसला. सोनिया एकटी मागं राहिली. चार महिने हरून कमावलेली तिची जागा सातजणांनी एका उडीत घेतली होती. ती रिकाम्या खुर्च्यांच्या घोळक्यात उभी होती आणि डोळे भरून आले होते.

मी उठले आणि सातही खुर्च्या गॅलरीत नेऊन टाकल्या. म्हटलं, खेळ संपला. आता एकेकानं यायचं, बोर्डावरच्या नंबरानं, पण खालून. शिवमनं मान वर करून बोर्ड बघितला आणि चेहरा पाडला, तो आठवा होता. चाळीस तारे कुठं उपयोगी पडायचे आणि कुठं पडले.

तेवढ्यात मॅडम मार्कर घेऊन आली. वारं कुठं वाहतंय ते तिला लगेच कळतं. सोनियाचं नाव पुसून सगळ्यात वर लिहायचं तिच्या मनात होतं, आणि दारात बघते तर काकासाहेब स्वतः उभे, काखेत फ्लेक्सची गुंडाळी. सकाळीच छापून आणला होता. कोपऱ्यातून सोनियाची एक वेणी आणि 'प्रथम क्रमांक' एवढं दिसत होतं. मॅडम म्हणाली, बघा, तुमच्याच हस्ते तिला वर घेऊ या.

काकासाहेबांनी बोर्डाकडं बघितलं. खाली सोनिया स्टुलावर चढून बसत होती, तिकडं बघितलं. मग घाईघाईनं पुढं होऊन त्यांनी मॅडमच्या हातातला मार्कर धरला.

"मॅडम, हात नका लावू त्याला. खालीच राहू द्या तिला. वरच्याला वाजवायला मिळत नाय."

मी सोनियाची मनगटं बघत बसले. तास संपल्यावर काकासाहेबांनी गुंडाळी सोडली आणि फोटो आतल्या बाजूला करून फ्लेक्स पियानोवर अंथरला, धूळ बसायला नको म्हणाले. तो अजून तिथंच आहे. क्लास सुरू करायचा म्हणजे आधी तो उचलावा लागतो, आणि तो उचलायचा मान खालून पहिलीचा.